शिवयोगी सिद्धराम आणि उरलेला 'मी'

संक्रांतीला आपल्यापैकी अनेकजण सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला जातात. सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहतात, तळ्यातील मंदिरात माथा टेकतात आणि परततात. ज्या महात्म्याची ही यात्रा, त्याच्या अंतरी कोणते वादळ उठले होते, याचा विचार परतीच्या एस.टी.त कितीजण करतात? दोष देण्यासाठी विचारीत नाही. मीही पुष्कळ वर्षे तो केला नव्हता.

बाराव्या शतकात सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर, येथे मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मास आले. मूल अबोल, गुरे राखणारे. एके दिवशी रानात मल्लय्या नावाच्या जंगमाने त्याच्याकडे खावयास मागितले. मूल दहीभात आणावयास घरी धावले, परत येऊन पाहते तो जंगम नाही. 'मल्लय्या, मल्लय्या' अशा हाका मारीत ते यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलास पोहोचले. देवळातील लिंग दाखविले तरी त्याचे समाधान होईना. त्याला दहीभात मागणारा मल्लय्याच हवा होता. शेवटी ते कड्यावरून उडी घेणार, तोच मल्लिकार्जुनाने हात दिला, असे राघवांक कवींच्या 'सिद्धराम चारित्र्या'त वर्णन आहे. श्रद्धा म्हणतात ती अशी, हट्टी आणि पोरकट!

तेथून परतल्यावर सिद्धरामांनी सोन्नलगीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तळे खोदविले, अन्नदान चालविले. दुष्काळी मुलखात पाण्यासारखे दुसरे पुण्य कोणते? हजारो हात राबू लागले आणि सिद्धरामांचे नाव दूरवर गेले.

आता जो प्रसंग येतो, तेथे वाचकाने जरा थांबावे. 'शून्यसंपादने'त तो विस्ताराने आला आहे. अल्लमप्रभू तळ्याच्या कामावर आले आणि दगडमाती उपसणाऱ्यांचा नायक म्हणून त्यांनी सिद्धरामांना हिणविले. कामकऱ्यांनी चिडून दगड मारले. सिद्धराम स्वतः धावत आले तेही क्रोधानेच. कथा म्हणते की त्यांच्या कपाळीच्या नेत्रातून अग्नी निघाला आणि प्रभूंच्या पायांशी निवाला. आपले कर्म फलाशेविरहित आहे, असा सिद्धरामांचा दावा होता. तो खोटा नव्हता. परंतु फळाची आशा सुटली तरी 'मी केले' हे सुटले होते काय? सुटले असते तर एका उपहासाने आग का भडकावी? प्रभूंना तळ्याविषयी तक्रार नव्हती. तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या 'मी'विषयी होती.

प्रभूंसमवेत ते कल्याणास गेले. तेथे दुसरी कसोटी लागली. अंगावर इष्टलिंग नाही, आणि अंतर्योग साधलेल्यास बाह्य लिंग कशाला, अशी त्यांची भूमिका. वाद झाला. अखेर वयाने कितीतरी लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. ज्यांच्या शब्दावर गाव चाले, त्यांनी कोवळ्या तरुणापुढे मस्तक नमविले. माझ्या मते श्रीशैलाचा कडा याहून सोपा होता.

'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या मुद्रेची त्यांची तेराशेहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत. चन्नबसवण्णांचे ऋण त्यांत पुनःपुन्हा मान्य केलेले दिसते. स्वतःच्या चुकीची कबुलीही त्यांनी झाकली नाही. स्त्रीला माया म्हणून दूर लोटणाऱ्यांना तर त्यांनी सरळ उत्तर दिले, की तीत आपल्या आराध्यालाच पाहावे. पुढे परंपरेने त्यांना शून्यपीठाचे तिसरे अधिपती मानले. 1167-68 च्या सुमारास कल्याणात रक्तपात होऊन शरण विखुरले. सिद्धरामांनी समाधी घेतली ती सोन्नलगीतच, आपल्या तळ्याजवळ.

वाचकहो, आमच्या मठाचे दासोहगृह बांधून झाले तेव्हा त्याच्या दारावर माझ्या नावाची शिला बसविली गेली. मी नको म्हटले, पण हळूच म्हटले. हा लेख लिहिताना ती खिडकीतून दिसते आहे.