काकांची झुकलेली गाडी आणि घोड्यांच्या डॉक्टरची हवा : जॉन बॉइड डनलप यांची गोष्ट

आज एका अशा माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याचं नाव तुमच्या घरात शंभर टक्के घेतलं गेलंय. आजी फोमच्या गादीला डनलपची गादी म्हणते. आमच्याकडे ऊस वाहणाऱ्या टायरवाल्या बैलगाडीलाही डनलपच म्हणतात. पण डनलप हा खरा माणूस होता, आणि तो इंजिनिअर नव्हताच, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

मला ते कळलं माझ्या काकांच्या गाडीमुळे.

काका लग्नात नवरदेवासाठी गाडी भाड्याने देतात. त्यासाठी त्यांनी एक जुनी लक्झरी सेडान घेतली, एअर सस्पेन्शनवाली. म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकाजवळ रबराची हवा भरलेली पिशवी. दिवाळीनंतर एका सकाळी पाहिलं तर गाडी मागून डावीकडे बसलेली, म्हैस बसते तशी. वर्कशॉपमध्ये नेली. चारही स्ट्रट आणि कॉम्प्रेसर बदला, असं तिथं सांगितलं. कोटेशनच्या रकमेत दोन नव्या स्कूटर आल्या असत्या. तुळशीच्या लग्नापासून बुकिंग घेतलेली आणि ॲडव्हान्स खर्चही झालेला. काकांचा चेहरा बघवत नव्हता.

घरी आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले की हवा जातेय ना, मग कुठून जातेय ते आधी बघा. आजोबांचं पूर्वी सायकल पंक्चरचं दुकान होतं. त्या रात्री मी मोबाईलवर हवा आणि रबर यांचा इतिहास शोधत बसलो, आणि डनलप सापडले.

जनावरांचा डॉक्टर

जॉन बॉइड डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरामध्ये ते पशुवैद्यकी शिकले आणि १९ व्या वर्षी डॉक्टर झाले. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्यांचा दवाखाना इतका चालला की तो आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला.

आता विचार करा. जनावरांचा डॉक्टर काय करतो? घोडा काही बोलून सांगत नाही की माझा डावा पाय दुखतोय. तो कसा उभा राहतो, कुठे वजन टाकत नाही, कुठे सूज आहे, हे बघून निदान करावं लागतं. ही सवय पुढे उपयोगी पडली असणार, असं मला तरी वाटतं.

मुलाची तीनचाकी

१८८७ ची गोष्ट. त्यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. तेव्हा चाकांना भरीव रबर असायचं आणि बेलफास्टचे रस्ते दगडांचे. नुसते दणके. डनलप यांना रबर हाताळायची सवय होती. त्यांनी रबराच्या पातळ शीटची नळी केली, एका लाकडी चकतीवर ती कापडाने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली.

मग साधी टेस्ट केली. तीनचाकीचं चाक आणि आपली हवेची चकती, दोन्ही अंगणात ढकलली. तीनचाकीचं चाक मध्येच पडलं. हवेची चकती मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि फाटकाच्या खांबाला आपटून उलटी आली. लॅब नाही, मशिन नाही, पण उत्तर स्पष्ट.

२८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनीच्या तीनचाकीला अशी चाकं लावून पहिली चाचणी झाली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला पेटंट मिळालं. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने बेलफास्टमध्ये हवेचे टायर लावून शर्यती जिंकल्या. हरलेल्यांमध्ये हार्वे डू क्रॉस या डब्लिनच्या उद्योजकाची मुलंही होती. वडिलांनी लगेच ओळखलं की यात धंदा आहे. त्यांनी डनलप यांना सोबत घेऊन कंपनी काढली.

आणि मग पेटंटच गेलं

१८९० मध्ये कळलं की हे पेटंट टिकणार नाही. कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं! त्यांनी लंडनमध्ये घोडागाडीला ती चाकं लावून दाखवलीही होती. पण तेव्हा रबर महाग, सायकली जवळजवळ नव्हत्याच. कल्पना बाजूला पडली आणि लोक विसरले.

दुसरी अडचण याहून मोठी होती. डनलप यांचा टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोलून काढायचं. टायर मऊ चालायचा, पण दुरुस्त करणं म्हणजे डोकेदुखी. त्याच वर्षी चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेला, रिमवरून काढता-घालता येणारा टायर आणला. बार्टलेट यांनीही आपली वेगळी पद्धत काढली. कंपनीने हे हक्क विकत घेतले आणि त्यावर ती तगली. पुढे सायकलचा तो छोटा व्हॉल्व्ह आला, ज्यात रबराची बारीक नळी असते. आपण त्याला डनलप व्हॉल्व्ह म्हणतो, पण तो वुड्स यांनी बनवला.

१८९५ मध्ये डनलप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या पैशाच्या मानाने डनलप यांच्या वाट्याला फारच थोडं आलं. ते डब्लिनमध्ये एका कापड दुकानाच्या व्यवसायात राहिले आणि २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तिथेच वारले. नाव मात्र कंपनीवर राहिलं. त्याच नावाखाली पुढे गाड्यांसाठी हवेच्या स्प्रिंगही बनल्या.

हे वाचताना मला काकांच्या गाडीत काय बघायचं ते कळलं. रबरातली हवा दणका खाते, हे डनलप यांनी करून दाखवलं. पण ती लोकांना परवडू लागली, ती बिघडलेला तेवढाच भाग उघडून दुरुस्त करता यायला लागल्यावर. मग काकांनीही चारही स्ट्रट का बदलायचे?

आम्ही काय केलं

१. रात्री सपाट जागी गाडी लावून बंद केली. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घेतलं आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. सकाळी परत मोजलं. फक्त मागचा डावा कोपरा खाली गेला होता, बाकीचे तीन जागेवर. म्हणजे तीन कोपऱ्यांचा खर्च लगेच बाजूला पडला.

२. ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर घेतली. साबणाचं पाणी स्प्रे करून पाइपचे जोड, व्हॉल्व्ह ब्लॉक आणि रबराची पिशवी तपासली. पिशवीच्या घडीपाशी बुडबुडे आले. रबर तिथेच वारंवार दुमडतं, म्हणून भेगा बहुतेक तिथेच पडतात. आजोबा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून हेच करायचे.

३. कॉम्प्रेसर खरंच गेलाय का, ते पाहिलं. तो चालत होता, फक्त दमला होता. हवा गळत राहिली की कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो, तापतो आणि झिजतो. रिलेचे पॉइंट चिकटले तर तो थांबतच नाही आणि जळतो. म्हणून नवा रिले टाकला. ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे बदलले, कारण ओलावा पुढे गेला तर व्हॉल्व्ह अडकतात.

४. या गाडीत मागची हवेची पिशवी शॉक ॲब्सॉर्बरपासून वेगळी होती. त्यामुळे फक्त पिशवी बदलली. शेवटी सस्पेन्शनचं मॉड्यूल वाचणाऱ्या स्कॅनरने एरर काढून उंची सेट केली. साधा स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनच वाचतो, हे लक्षात ठेवा.

एकूण खर्च कोटेशनच्या पाचव्या हिश्शाच्या आत बसला. पहिल्या बुकिंगच्या दोन दिवस आधी गाडी तयार झाली.

तुमच्यासाठी काही गोष्टी

एका बाजूची दोन्ही चाकं किंवा पुढची-मागची जोडी एकत्र खाली गेली, तर एकट्या पिशवीवर संशय घेऊ नका, व्हॉल्व्ह ब्लॉकही बघा. गाडी खाली जात नाही पण उंची चुकीची दाखवते, तर हाईट सेन्सर किंवा त्याची छोटी दांडी तपासा. बसलेली गाडी तशीच पळवू नका, टायर आणि रबर दोन्ही खराब होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फक्त जॅकवर किंवा हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आधी सस्पेन्शन जॅक मोडवर टाका, मग पक्के स्टँड लावा.

लोखंडी स्प्रिंग बसवून टाका, असा सल्लाही मिळेल. ते स्वस्त पडू शकतं, पण डॅशबोर्डवर वॉर्निंग राहू शकते, वजनानुसार उंची सांभाळली जात नाही आणि तो मऊपणा जातो. काकांनी नको म्हटलं. नवरदेव त्या मऊपणाचेच पैसे देतात.

एक खरं सांगतो, उजवी पिशवीसुद्धा तेवढीच जुनी आहे. तीही कधीतरी जाणार. म्हणून काका प्रत्येक भाड्यातून थोडे पैसे बाजूला ठेवतायत, आणि दर रविवारी रात्री टेप घेऊन मोजतात. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज रात्रीच चार मापं घेऊन मोबाईलमध्ये सेव्ह करा.