डिग्री नव्हती, तरी प्रोफेसर!

कम्प्युटर सायन्सच्या फर्स्ट इयरला असाल, तर बूलियन अल्जिब्राने एकदा तरी तुमचं डोकं खाल्लं असेल. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ आणि शून्य-एकची ती कोष्टकं! गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा विषय ओळखला जातो, तो जॉर्ज बूल विद्यार्थी म्हणून कधी कॉलेजच्या बाकावर बसलाच नाही.

२ नोव्हेंबर १८१५ ला इंग्लंडमधल्या लिंकन शहरात त्याचा जन्म झाला. वडील बूट शिवायचे, पण त्यांचा सगळा जीव गणितात आणि दुर्बिणी बनवण्यात. साहजिकच धंदा बसला. सोळाव्या वर्षी जॉर्ज डॉनकास्टरच्या एका शाळेत शिकवायला लागला. घर आता त्याच्या पगारावर चालणार होतं.

मग गणित शिकला कुठे? लिंकनमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होती. दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी लायब्ररी, व्याख्यानं, वर्ग. आजच्या कम्युनिटी कॉलेजची जुनी भावंडंच म्हणा ना! तिथली पुस्तकं त्याच्या हाती लागली. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात लाग्रांज, लाप्लास वाचायचे. अडलं तर विचारायला कोणी नाही. चांगला गुरू असता तर काही वर्षं वाचली असती, हे त्याला पुढे जाणवलं.

केंब्रिजला जायचा विचारही झाला. पण तिथे गेला असता, तर ठरलेल्या सिलॅबससाठी स्वतःचं संशोधन बाजूला ठेवावं लागलं असतं. शिवाय शाळा बंद झाली तर आई-वडिलांचं काय? तो गेला नाही. शाळा चालवली आणि पेपर लिहीत राहिला. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात तो थेट गणिताचा प्रोफेसर झाला! विद्यापीठात न शिकलेला माणूस आता डिग्रीच्या पोरांना शिकवत होता.

१८५४ च्या ग्रंथात त्याने दाखवलं की तर्कसुद्धा समीकरणांत मांडता येतो. पुढच्या वर्षी मेरी एव्हरेस्टशी लग्न झालं. आपल्याकडे सर्व्हेयर जनरल असलेले जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव शिखराला आहे, ते तिचे काका.

नोव्हेंबर १८६४. धो-धो पावसात जवळपास पाच किलोमीटर चालत बूल कॉलेजात पोचला आणि ओल्या कपड्यांतच लेक्चर घेतलं. त्यातून न्यूमोनिया झाला. ८ डिसेंबरला तो गेला, वय अवघं ४९.

त्याचं हे गणित कामाला येईल, असं तेव्हा फारसं कोणाला वाटलं नसेल. पण ७३ वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेची बटणं बूलच्या नियमांनी चालवता येतात. चिप डिझाइन, प्रोग्रामिंग, डेटाबेस या आजच्या करिअरच्या मुळाशी तेच नियम आहेत.

तेव्हा कॉलेज मोठं नाही, मॅथ्स घेऊन पुढे काय, असा प्रश्न घरी निघाला, तर बूट शिवणाऱ्याच्या या मुलाची गोष्ट नक्की सांगा. आणि हो, तुम्हाला अडलेलं विचारायला सर आहेत. त्याला तेही नव्हते. विचारून घ्या!