कै. शेठ वालचंद हिराचंद

पिंपरी-चिंचवडचा रहिवासी आगगाडीने मुंबईस निघाला, की बोरघाटातील बोगदे पार होईतो त्याचे लक्ष खिडकीबाहेरच्या दरीकडे असते. बोगदे कोणी खणले हे क्वचितच त्याच्या मनात येते. 1863 साली हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा घाटात एके ठिकाणी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास जोडावे लागे. वाहतूक वाढली आणि हा जुना मार्ग अपुरा पडू लागला. नव्या बोगद्यांचे काम टाटांच्या भागीदारीतील वालचंदांच्या कंपनीने केले. 1929 साली गाडीचे हे उलट फिरणे संपले.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले. बार्शी लाइट रेल्वेचे काम हा त्यांचा पहिला धडा होय. सिंदिया कंपनीच्या जहाजांची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती येथे सांगत नाही.

आम्हांस विचार करावयास लावतात ते त्यांचे दोन अर्ज. 1939 साली महायुद्ध पेटल्यावर त्यांनी विमानांच्या कारखान्याची योजना मांडली. सरकारला विमानांची निकड होती. म्हैसूर संस्थानाने भांडवलास हातभार लावला. डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला कंपनी स्थापन झाली आणि 1941 सालीच तेथील पहिले विमान आकाशात उडाले.

मोटारींच्या कारखान्याची गोष्ट मात्र निराळी. सर विश्वेश्वरय्यांची योजना तयार होती, मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते. पण 1939 मध्ये त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दिल्ली सरकारने पाठिंबा नाकारला. अर्जदार तोच, त्याची ऐपतही तीच! कागद एका खात्यात धावतो नि दुसऱ्यात निजतो, हे तेव्हाही चालत असे. अखेर 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडावयास 1947 साल उजाडले.

8 एप्रिल 1953 रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले. आकुर्डी-पिंपरीच्या माळावर स्कूटर व मोटारींचे कारखाने उभे राहिले ते त्यानंतर, 1960 च्या पुढे. त्यांचा कच्चा माल नि तयार माल घाटातूनच ये-जा करू लागला.