सेरामपूरची दिनचर्या : विल्यम कॅरे आणि मराठी

मुद्रित मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक महत्त्वाचा गट महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमध्ये हुगळीच्या काठी तयार झाला. १८०५ मध्ये मराठीचे इंग्रजीतील व्याकरण, १८१० मध्ये मोडी टंकांचा वापर केलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये बायबलच्या नव्या कराराचे मराठी भाषांतर सेरामपूरच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. या तिन्ही ग्रंथांमागे असलेले विल्यम कॅरे महाराष्ट्रात कधीही आले नव्हते. हे कसे शक्य झाले आणि त्यामुळे त्या मराठीला कोणती मर्यादा पडली, याचे उत्तर त्यांच्या सिद्धान्तांपेक्षा त्यांच्या दिनचर्येत अधिक स्पष्टपणे सापडते.

कॅरे यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. चांभारकामाची उमेदवारी करीत असतानाच त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास स्वतःच्या बळावर आरंभिला. १७९३ च्या नोव्हेंबरात ते पत्नी डॉरोथी व मुलांसह कलकत्त्यास पोहोचले. कंपनी सरकारचा मिशनरी कार्याला विरोध असल्याने माल्दा भागातील मदनावती येथील निळीच्या कारखान्याची देखरेख पत्करून त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ काढला. दिवसा कारखान्याचे काम आणि उरलेल्या वेळात रामराम बसू या मुनशींच्या साहाय्याने बंगाली भाषांतर, असा तेथील क्रम होता. १७९४ मध्ये पीटर हा पाच वर्षांचा मुलगा दगावला आणि त्यानंतर डॉरोथी यांचे मानसिक संतुलन ढळले. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. बंगाली नव्या कराराचा बराचसा भाग भाषांतरित होत असताना त्या घरात हे दुःख नित्याचे होते. परदेशगमनास आरंभी राजी नसलेल्या या स्त्रीने पतीच्या कार्याची फार मोठी किंमत मोजली. कॅरे यांच्या चिकाटीचा विचार करताना ही बाजू दृष्टीआड करता येत नाही.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरे सेरामपूर येथे आले. हे गाव डॅनिश अंमलाखाली असल्याने कंपनीचा निर्बंध तेथे लागू नव्हता. तेथे आधीच आलेले शिक्षक जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड यांना ते येऊन मिळाले. तिघांची कुटुंबे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि मिळकत सामाईक निधीत जमा करीत. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकविण्यासाठी कॅरे यांची नेमणूक झाली. पुढे मराठीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर कंपनीला मराठी जाणणाऱ्या अंमलदारांची निकड भासू लागली होती. त्यामुळे मराठीचे व्याकरण आणि कोश ही जितकी धर्मप्रसाराची तितकीच राज्यकारभाराचीही साधने होती. धर्मग्रंथाच्या भाषांतराचा खर्च मोठ्या प्रमाणावर कॉलेजच्या वेतनातून भागत असे, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

कॉलेजच्या कामासाठी कॅरे आठवड्यातील काही दिवस कलकत्त्यात राहत आणि नदीतून होडीने ये-जा करीत. १८०६ च्या जूनमधील कलकत्त्यातील एका दिवसाचा वृत्तांत त्यांनी स्वदेशातील स्नेह्याला पत्राने कळविला होता. त्या दिवशी ते पावणेसहाला उठले. हिब्रू बायबलचा एक अध्याय वाचून सातपर्यंत एकान्तात प्रार्थना केली आणि मग नोकरचाकरांसह बंगालीत कौटुंबिक उपासना झाली. चहा ओतला जात असतानाच बाहेर तिष्ठत बसलेल्या मुनशीबरोबर थोडे फारसी वाचन झाले, न्याहारीपूर्वी हिंदुस्थानीतील शास्त्रपाठ झाला. न्याहारी आटोपताच दुसरे पंडित हजर होतेच. त्यांच्यासह दहापर्यंत संस्कृत रामायणाचे भाषांतर चालले. दुपारी एक-दोनपर्यंत कॉलेज, परतल्यावर बंगाली यिर्मयाच्या ग्रंथाचे मुद्रित तपासणे आणि मग जेवण. त्यानंतर कॉलेजच्या मुख्य पंडितांसह सहापर्यंत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे संस्कृत भाषांतर, पुढे तेलुगू पंडितांकडे त्या भाषेचा पाठ, साडेसातला इंग्रजी प्रवचन. नऊनंतर मंडळी पांगल्यावर यहेज्केलाच्या ग्रंथातील एक अध्याय बंगालीत उतरविण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालले. मग पत्रलेखन, आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय.

हे वेळापत्रक सामान्यतः कॅरे यांच्या उद्योगशीलतेचा पुरावा म्हणून सांगितले जाते, आणि तसा तो आहेच. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. हा दिवस एकट्याचा नाही. पहाटेच्या मुनशीपासून संध्याकाळच्या तेलुगू पंडितांपर्यंत जवळजवळ प्रत्येक प्रहरी एखादा एतद्देशीय विद्वान शेजारी बसलेला आहे. बायबलची अनेक भाषांतील भाषांतरे याच रीतीने घडली. पंडितांनी आपल्याला अवगत असलेल्या संस्कृत वा अन्य भाषेतील पाठावरून स्वभाषेत मसुदा करावयाचा आणि कॅरे यांनी तो मूळ ग्रीक-हिब्रूशी ताडून सुधारावयाचा, अशी ती पद्धती होती. अर्थाचा अधिकार भाषांतरकाराकडे आणि भाषेचा अधिकार पंडिताकडे, अशी ही विभागणी होय.

मराठीच्या बाबतीत हा भाषाधिकार मुख्यत्वे कॉलेजातील मराठीचे प्रमुख पंडित वैजनाथ शर्मा यांच्याकडे होता. सिंहासन बत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५) आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र (१८१६) ही सेरामपूरची मराठी गद्य पुस्तके त्यांनीच सिद्ध केली. बंगालीसाठी कॅरे यांना बाजारहाट, निळीचे मजूर, शेतकरी आणि घरातील नोकर यांचे बोलणे वर्षानुवर्षे कानावर पडत होते. मराठीसाठी असा भोवताल नव्हता. तेथे कानी पडणारी मराठी मोजक्या शिक्षितांची होती आणि तिची कसोटी घेणारा मराठी वाचक शेकडो कोस दूर होता.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली, तेव्हा कॅरे कलकत्त्यात होते. मार्शमन यांनी दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन त्यांना वार्ता सांगितली. कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे टंक, बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित आणि रामायणाच्या भाषांतराचा भाग नष्ट झाला. मात्र छापयंत्रे आणि अक्षरांचे मूळ साचे बचावले. पंचानन कर्मकार व त्यांचे जामात मनोहर यांच्या कारागिरीची परंपरा छापखान्यात असल्याने वितळलेल्या धातूतून पुन्हा अक्षरे पाडता आली. हस्तलिखिते गेलेल्या पंडितांसह कॅरे पुन्हा पहिल्या ओळीपासून कामाला लागले. दिनचर्येत खंड पडला नाही.

तथापि मराठी भाषांतराची खरी परीक्षा आगीने नव्हे, तर वाचकांनी घेतली. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना सेरामपूरची मराठी तेथील लोकांसाठी पुरेशी वाटली नाही. त्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार प्रसिद्ध झाला. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा कोश आल्यावर सेरामपूरचा कोशही मागे पडला. जिवंत बोलींच्या सान्निध्यात झालेल्या कामाने दूरस्थ कामाची जागा घेतली, हे स्वाभाविकच होते.

९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे कॅरे यांचे निधन झाले. तोवर तेथून चाळीसच्या आसपास भाषांत बायबल पूर्णतः वा अंशतः प्रसिद्ध झाले होते. मराठीतील त्यांच्या भाषांतराचा वाचक फार काळ टिकला नाही. टिकली ती मराठीचे व्याकरण लिहावे, शब्द वर्णक्रमाने लावावेत आणि गद्य छापून वाचकाच्या हाती द्यावे ही वाट. त्या वाटेचे श्रेय कॅरे यांना देताना त्यांच्या शेजारी बसलेल्या पंडिताचे आणि अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांचे नाव वगळले, तर ती दिनचर्या अर्धीच वाचली असे होईल.