शेजारचे युद्ध आणि परतीची गाडी

युद्ध पेटलेल्या देशात आपण होऊन कोणी पाऊल टाकीत नाही. प्रश्न उभा राहतो तो त्या देशाच्या शेजाऱ्याचा. मुलाला तेथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, कोणाला नोकरीचे बोलावणे आलेले असते, कोणी आयुष्यभराच्या बचतीतून सहलीचे पैसे भरून बसलेला असतो. मग घरातील वडीलधारी माणसे नकाशा उघडतात आणि रणभूमी व मुक्कामाचे गाव यांमधील अंतर बोटांनी मोजू लागतात. अंतर पुरेसे वाटले की मन निश्चिंत होते. परंतु सुरक्षितता ही मैलांत मोजावयाची वस्तू आहे काय? ज्याच्या आयुष्याने या प्रश्नाचे उत्तर पुनःपुन्हा आणि प्रत्येक वेळी निराळे दिले, असा एक लेखक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. ऑस्ट्रियाचा स्टेफान झ्वाइग हा तो लेखक.

झ्वाइगचा जन्म २८ नोव्हेंबर १८८१ रोजी व्हिएन्नात एका सधन ज्यू कापड-कारखानदाराच्या घरी झाला. कथाकार आणि चरित्रकार म्हणून त्याची कीर्ती पुढे एवढी पसरली की, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सर्वाधिक अनुवादित लेखकांत त्याची गणना होत असे. प्रवास हा त्याचा छंद नव्हे, स्वभावच होता. १९१४ पूर्वी तो हिंदुस्थान आणि अमेरिका पाहून आला, आणि या दोन्ही प्रवासांत त्याच्याजवळ पारपत्र नव्हते. त्या काळी ते कोणी मागतच नसे. सीमा ही केवळ नकाशावरील एक रेघ आहे, असे मानणाऱ्या जगात तो वाढला होता.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. त्यानंतरचे काही आठवडे वरवर शांततेत गेले, आणि झ्वाइग ठरल्याप्रमाणे बेल्जियमच्या किनाऱ्यावर ऑस्टेंडजवळील ल कॉक या लहानशा गावी सुटीसाठी जाऊन राहिला. तेथून एमिल वेरहारेन या आपल्या ज्येष्ठ कविमित्राच्या घरी जाण्याचा त्याचा बेत होता. हे जाणे अविचाराचे होते असे म्हणता येणार नाही. भांडण होते ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांचे, म्हणजे युरोपच्या दुसऱ्या टोकाचे. त्यात जर्मनी आणि फ्रान्स ओढले गेले, तरी त्यांच्या मध्ये असलेल्या बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन कराराने युरोपातील पाच बड्या सत्तांनी दिलेली होती. त्यांत प्रशियाही होता. १८७०-७१ चे फ्रान्स-प्रशिया युद्ध अगदी शेजारी लढले गेले, तरी बेल्जियमला त्याची झळ लागली नव्हती. करार होता, पंचाहत्तर वर्षांची वहिवाट होती. सुज्ञ माणसाला याहून अधिक कोणता पुरावा हवा?

तथापि खुणा दिसू लागल्या होत्या. जुलै संपता संपता रस्त्यांवर बेल्जियन सैनिक दिसू लागले. कुत्रे जुंपलेल्या छोट्या गाड्यांवरून मशीनगन नेल्या जात होत्या. जर्मन सैन्य आपल्या देशात शिरेल, ही बेल्जियन मित्रांची भीती झ्वाइगने चेष्टेवारी नेली आणि तसे होणार नाही यावर स्वतःची मान पणाला लावण्याची तयारी दाखविली. पण किनाऱ्यावरील पाहुणे एकेक करून निघून चालले होते. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्यानेही तिकीट काढले. बेल्जियममधून जर्मनीकडे गेलेल्या अगदी शेवटच्या गाड्यांपैकी ती एक गाडी होती. सीमा ओलांडल्यावर ती उघड्या माळावर थांबली, आणि समोरून मालगाड्या येऊ लागल्या. त्यांच्या डब्यांवर ताडपत्र्या होत्या, आणि ताडपत्र्यांखाली तोफांचे आकार. त्या बेल्जियमच्या दिशेने चालल्या होत्या. तरीही ही केवळ सावधगिरीची हालचाल असेल, अशी समजूत त्याने स्वतःची घालून पाहिली. बुद्धिमान माणूससुद्धा नको असलेले सत्य किती उशिरा स्वीकारतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

२ ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मनीने बेल्जियमकडे वाट मागितली आणि उत्तरासाठी बारा तास दिले. बेल्जियमने नकार दिला. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य आत शिरले. कारण सरळ होते : फ्रान्सची पूर्व सीमा किल्ल्यांनी भक्कम केलेली होती, आणि पॅरिसकडे जाण्याचा सोपा मार्ग बेल्जियमच्या सपाट प्रदेशातून जात होता. २३ ऑगस्टला दिनां या गावी ६७४ नागरिक मारले गेले. त्याच महिन्यात लुव्हें येथील विद्यापीठाचे प्राचीन ग्रंथालय जळाले. १८३९ चा करार अगदीच निष्फळ ठरला असे नव्हे. त्याच्यापायी ब्रिटन युद्धात उतरले. पण त्या कराराने दिनांच्या नागरिकांचा जीव वाचला नाही. आंतरराष्ट्रीय हमी ही बहुधा आक्रमकाला नंतर जाब विचारण्यासाठी असते. त्या दिवशी त्या गावात असलेल्या माणसाला ती ढाल म्हणून उपयोगी पडेलच असे नाही. झ्वाइग आणखी आठवडाभर रेंगाळला असता, तर शत्रुपक्षाचा नागरिक म्हणून तेथेच अडकून पडला असता.

यावरून युद्धाच्या शेजारी जाऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. पण त्याच झ्वाइगचे पुढले पाऊल त्याला छेद देते. १९१७ च्या अखेरीस तो स्वित्झर्लंडला गेला. युद्धविरोधी आशयाचे त्याचे ‘येरेमियास’ हे नाटक फेब्रुवारी १९१८ मध्ये झुरिकच्या रंगभूमीवर आले, आणि गांधीजींचे चरित्र लिहिणारा म्हणून आपल्याला परिचित असलेल्या रोमां रोलांची त्याला तेथे भेट घेता आली. नकाशाच प्रमाण मानावयाचा, तर या देशाइतके धोक्याचे स्थान दुसरे नव्हते. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रिया या लढणाऱ्या राष्ट्रांनी तो चहूबाजूंनी वेढलेला होता. तरीही तो वाचला. त्याच्या डोंगरांतून सैन्य नेणे कोणालाच सोयीचे नव्हते, स्वतःचे दोन लाखांहून अधिक सैनिक त्याने आरंभीच सीमेवर उभे केले होते, आणि व्यवहारासाठी व वाटाघाटींसाठी तटस्थ जागा उरणे दोन्ही पक्षांना हवे होते. युद्धाची झळ तेथेही लागलीच. १९१७ मध्ये पावाचे रेशनिंग सुरू झाले होते. पण तोफा आल्या नाहीत. दोन्ही देश तटस्थ आणि दोन्ही युद्धाला लागून. फरक एवढाच की, एकाची वाट आक्रमकाला हवी होती आणि दुसऱ्याची नको होती.

युद्धानंतर झ्वाइग साल्झबुर्गला स्थायिक झाला. तेथून पलीकडे दिसणाऱ्या जर्मन डोंगरांत बेर्ख्तेसगाडेन होते, आणि तेथेच पुढे हिटलरने आपले घर केले. म्हणजे आता धोक्याचा शेजार लाभला होता तो झ्वाइगच्या स्वतःच्या देशाला. १९१४ चा धडा या वेळी तो विसरला नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये पोलिसांनी शस्त्रांच्या शोधासाठी त्याच्या घराची झडती घेतली, आणि त्याने लागलीच देश सोडून लंडन गाठले. १९३७ मध्ये तो व्हिएन्नात येऊन गेला, तेव्हा त्याच्या भीतीला मित्र हसले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. बेल्जियमच्या किनाऱ्यावर जो हसला होता तो वाचला. व्हिएन्नात जे हसले त्यांच्यापैकी अनेकांना ती संधी मिळाली नाही.

आणि तरीही तो सुखरूप राहिला असे म्हणवत नाही. ऑस्ट्रिया नाहीसा होताच त्याचे पारपत्र हा एक निरुपयोगी कागद झाला. एकेकाळी पारपत्राविना जग पाहणारा हा माणूस परवान्यांसाठी कचेऱ्यांत तिष्ठत बसू लागला. १९३९ मध्ये इंग्लंडने त्याची नोंद शत्रुराष्ट्रीय परकी म्हणून केली. नागरिकत्व मिळाले ते १९४० मध्ये. फ्रान्स पडल्यावर तो न्यूयॉर्कला आणि तेथून ब्राझीलला गेला. पेट्रोपोलिस हे गाव रणभूमीपासून सहस्रावधी मैल दूर होते. परंतु आपली भाषा आणि आपले जग नष्ट झाल्याचे दुःख त्याला पेलवले नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याने पत्नीसह तेथेच जीवन संपविले.

ही कहाणी जुनी झाली, तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही. १९८० ते १९८८ या काळात कुवेत इराण-इराक युद्धाच्या शेजारी होता, आणि हजारो भारतीय कुटुंबे तेथे संसार करीत होती. युद्ध संपले, आणि २ ऑगस्ट १९९० रोजी ज्या इराकला कुवेतने पैसा पुरविला होता त्यानेच त्याचा घास घेतला. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले, ते मुख्यतः अम्मानमार्गे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील भारतीय वकिलातीने विद्यार्थ्यांना निघण्याचा सल्ला दिला, तेव्हा हजेरी बुडेल, तिकीट महाग आहे, म्हणून अनेकजण थांबले. त्यांत महाराष्ट्रातीलही मुले होती. २४ तारखेला आकाशमार्ग बंद झाला, आणि पोलंड, रुमानिया, हंगेरी यांच्या सीमांवर थंडीत पायपीट करण्याची पाळी त्यांच्यावर आली. युद्धाचे ते शेजारीच त्यांचे परतीचे दरवाजे ठरले.

म्हणून नकाशावर अंतर मोजण्याऐवजी दुसरे प्रश्न विचारावयास हवेत. या देशाची वाट, बंदर वा तेल कोणाला हवे आहे काय? तेथून बाहेर पडण्याचे मार्ग किती, आणि विमानतळ बंद झाला तर कोणती सीमा उघडी राहील? आपले कागद तेथे कोणत्या बाजूचे समजले जातील? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर जावयास हरकत नाही. शेजारी आग आहे म्हणून जगाने व्यवहार थांबवलेला नाही. मात्र निघण्याची खूण कोणती, हे घरूनच ठरवून जावे, आणि ती दिसताच हजेरीचा, पैशांचा आणि हसणाऱ्यांचा विचार न करता परत फिरावे. वेरहारेनच्या घरचा पाहुणचार झ्वाइगने सोडून दिला, म्हणून त्याला गाडी मिळाली.