नारळाच्या बागेतून हार्वर्डला, पालीच्या वाटेने

फ्रेंच घ्यावी की जपानी? जर्मनची बी-टू लेव्हल झाली की नोकरी लागते का? भाषेत बीए करून पुढे काय, हा प्रश्न तुमच्याकडेही जेवताना निघत असणार. अनुवादक, दुभाषा, टुरिस्ट गाइड, आयटी कंपनीतला लँग्वेज एक्स्पर्ट, दूतावास, शिकवणं ही यादी तर तुम्हाला पाठच असेल. म्हणून आज यादी नको. ज्या भाषेचा आपल्याकडे तेव्हा धड वर्गही नव्हता, ती शिकायला घराबाहेर पडलेल्या एका माणसाबद्दल वाचा.

धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. शाळा अशी फारशी झालीच नाही. घरची नारळाची बाग बघायची आणि मिळेल ते मराठी वाचायचं. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं आणि डोक्यात एकच घेतलं, की हा माणूस मुळातून समजून घ्यायचा. १८९९च्या अखेरीस घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. हा भाग गोड करून सांगण्यात अर्थ नाही. या शिक्षणाची किंमत बाळाबाईंनीही मोजली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आधी संस्कृत हवं म्हणून पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून शिकले. बौद्ध ग्रंथ मिळतील या आशेने नेपाळ गाठलं, तिथे निराशाच पदरी आली. बुद्धगयेला कळलं की शिकायचंच असेल तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जा. गंमत बघा, भाषा मूळची इथली, पण ती शिकवणारे गुरू समुद्रापलीकडे! १९०२मध्ये कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांकडे पाली सुरू झाली. पुढे ब्रह्मदेश.

इथे जरा थांबा, कारण त्यांचं खरं भांडवल इथे जमलं. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, युरोपातले पंडित रोमनमध्ये छापतात. त्यामुळे नुसतं व्याकरण येऊन भागत नाही. कोसंबींनी लिप्या शिकल्या, ग्रंथ वाचले, आणि भिक्षू होऊन ज्यांच्यासाठी हे ग्रंथ रोजच्या जगण्याचा भाग होते त्यांच्यात राहिले. सर्टिफिकेट एकही नाही. पण भाषा, लिपी, ग्रंथ आणि ती संस्कृती, चारही गोष्टी एकाच माणसाकडे! अशी माणसं तेव्हा जगात मोजकीच होती.

१९०६ला ते कलकत्त्यात आले, चीवर उतरवलं आणि विद्यापीठात पाली शिकवू लागले. नोकरी चांगली चालली होती. ती सोडली! का, तर हे ज्ञान महाराष्ट्रात मराठीतून पोचवायचं होतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात कुठेही राहा आणि संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहा. आजच्या भाषेत फेलोशिपच म्हणा.

तेवढ्यात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स त्यांना येऊन भेटले. तिकडे 'विसुद्धिमग्ग' या अवघड पाली ग्रंथाचं संपादन अडून बसलं होतं. ते हाती घेणारे हेन्री वॉरन १८९९मध्येच वारले होते. १९१०ला कोसंबी अमेरिकेत पोचले, प्राध्यापक लॅनमन यांच्यासोबत काम सुरू झालं, आणि श्रेयावरून बिनसलं. काम माझं, मग नाव मदतनीस म्हणून का, हा कोसंबींचा मुद्दा. १९१२मध्ये ते सरळ परत आले. तुमच्यापैकी जे अनुवादात जाणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. पैसे किती हे विचाराल तेव्हा नाव कुठे छापणार हेही विचारा, आणि तेही काम सुरू करायच्या आधी.

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात ते १९१८पर्यंत पाली शिकवत होते. पु. वि. बापट त्यांचेच विद्यार्थी. हे बापट पुढे चिनी शिकले, हार्वर्डला पीएचडी केली आणि 'विसुद्धिमग्गा'ची चिनीत उरलेल्या 'विमुत्तिमग्गा'शी तुलना केली. एका माणसाच्या हट्टातून दुसऱ्याचं करिअर उभं राहतं ते असं.

कोसंबी स्वतः नंतर तीनदा हार्वर्डला गेले. अमेरिकेत असताना रशियन शिकले आणि १९२९मध्ये लेनिनग्राडलाही जाऊन आले. परत येऊन १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. मधल्या काळात गुजरात विद्यापीठातही काम केलं. एका जागी टिकून पेन्शन मिळवणाऱ्यातले ते नव्हतेच. आईवडिलांना दाखवायला हे उदाहरण तसं धोक्याचंच म्हणा!

'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती मात्र त्यांनी स्वतःच्या नावाने काढली, १९४०मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून. जून १९४७मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती निघाली थेट १९५०ला. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आहे आणि सुधारून सिद्ध करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी यांचं. लॅनमन यांचं नाही.