उस्ताद मन्सूर

हिवाळा सुरू झाला की दिल्लीजवळ यमुनेच्या काठी, ओखल्याच्या पाणथळ जागेत दूरदेशीचे पक्षी उतरतात. उथळ पाण्यातून लांब पाय टाकीत चालणारा, मध्येच थबकणारा आणि मान वळवून भक्ष्य शोधणारा पक्षी पाहिला की चित्रकाराला तो कागदावर उतरवावासा वाटतो. आज त्यासाठी चटकन वाळणारे ॲक्रिलिक रंग सहज मिळतात. मात्र रंग कोणताही असो, पक्षी खराखुरा दिसायचा असेल तर तो आधी नीट पाहावा लागतो. सुमारे चारशे वर्षांपूर्वी असे पाहणे हेच आपले जीवनकार्य मानणारा एक चित्रकार मोगल दरबारात होऊन गेला. त्याचे नाव उस्ताद मन्सूर.

मन्सूरच्या जन्माची किंवा मृत्यूची तारीख दरबारी इतिहासात नोंदलेली नाही. त्याची ओळख त्याच्या चित्रांतूनच होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो अकबराच्या चित्रशाळेत काम करू लागला. तेथे एकेका चित्रावर अनेक हात फिरत. एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांची वर्णने केली होती. त्या ग्रंथाची सचित्र प्रत तयार होत असताना प्राणिचित्रे काढणाऱ्यांत मन्सूरही होता. पुढे जे काम त्याला कीर्ती देणार होते, त्याची ही सुरुवात होती.

इ. स. 1605 मध्ये जहांगीर गादीवर आला. त्याला चित्रकलेची उत्तम पारख होती आणि निसर्गाविषयी विलक्षण कुतूहल होते. इ. स. 1612 मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून काही दुर्मीळ पशुपक्षी आणले. त्यांत टर्की कोंबडा होता. दरबारात असा पक्षी कोणी पाहिला नव्हता. जहांगिराने त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रेही काढवून घेतली. मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे 1621 मध्ये दरबारात झेब्रा आला. त्याच्या अंगावरील पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका लोकांना आली. तपासणीअंती ती खोटी ठरली. मन्सूरने त्याही प्राण्याचे हुबेहूब चित्र काढले. त्याच्या या कौशल्याचा गौरव म्हणून जहांगिराने त्याला नादिर-उल-अस्र, म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय, हा किताब दिला.

इ. स. 1620 मध्ये बादशहा काश्मीरमध्ये असताना मन्सूरने तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली. काश्मीरमधीलच एका झऱ्याकाठी जहांगिराला एक लहानसा पक्षी दिसला. तो पाण्यात बुडी मारी, बराच वेळ आत राही आणि दुसरीकडे वर येई. त्याचे पाय बदकासारखे पडद्याचे आहेत की जमिनीवरच्या पाखरांसारखे मोकळ्या बोटांचे, असा प्रश्न बादशहाला पडला. दोन पक्षी पकडून आणले गेले. एक लगेच मेला आणि दुसरा एक दिवस जगला. त्यांच्या पायांना पडदे नव्हते. जहांगिराने मन्सूरला त्या पक्ष्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. माणसाच्या कुतूहलाची किंमत त्या दोन जीवांनी मोजली होती. त्या पक्ष्याचे रूप जसेच्या तसे टिकवणे, एवढेच चित्रकाराच्या हाती होते.

हे काम मोठ्या चिकाटीचे असे. त्या काळी चित्रकार खनिज व वनस्पतिजन्य रंग वाटून डिंकाच्या पाण्यात कालवीत. खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकावर एक पातळ थर देत आणि अकीकाच्या दगडाने कागद घोटून चित्राला झळाळी आणीत. पिसांचा मऊपणा दाखवण्यासाठी केसाएवढ्या बारीक असंख्य रेषा ओढाव्या लागत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये असलेले मन्सूरचे सायबेरियन क्रौंचाचे चित्र या परिश्रमांची साक्ष देते. चेहऱ्यावरच्या उघड्या त्वचेच्या सुरकुत्या, शुभ्र पिसांचे थर, लांब पायांवरचे खवले आणि नख्यासुद्धा त्यात स्पष्ट दिसतात. युरोपीय शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते 1773 मध्ये. मन्सूरने त्याच्या कितीतरी आधी, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, त्याचे रूप नोंदवून ठेवले होते. मॉरिशस बेटावरील डोडो पक्ष्याचे एक रंगीत चित्रही मन्सूरच्या नावावर सांगितले जाते. त्याच शतकात डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला.

सायबेरियन क्रौंच जगातून नाहीसा झालेला नाही, पण आपल्या देशात तो आता येत नाही. हजारो किलोमीटरचा प्रवास करून हे पक्षी दर हिवाळ्यात आग्र्याजवळच्या भरतपूरच्या पाणथळीत येत आणि उथळ पाण्यात उभे राहून लांब चोचीने कंद उकरून खात. वाटेतील शिकार आणि पाणथळ जागांचा ऱ्हास यांमुळे त्यांची संख्या घटत गेली. 2002 नंतर ते भरतपूरला दिसले नाहीत.

बादशहाच्या लहरीखातर काढलेली चित्रे अशा रीतीने पुढच्या पिढ्यांचा ठेवा ठरली. मन्सूरने पक्ष्याला आहे त्याहून सुंदर करण्याचा प्रयत्न केला नाही. तो जसा आहे तसाच पुरेसा सुंदर आहे, असा विश्वास त्याच्या प्रत्येक रेषेत दिसतो. ज्या चित्रकाराच्या स्वतःच्या आयुष्याविषयी इतिहासाने फारसे लिहून ठेवले नाही, त्याने एका पाखराच्या पायाचे बोटसुद्धा नोंदीवाचून राहू दिले नाही. आज भरतपूरच्या पाण्यात तो शुभ्र क्रौंच नाही. मन्सूरच्या कागदावर मात्र तो चारशे वर्षांनंतरही उभा आहे.